अवे मॅचच्या वाट्या कोणाकडे जाव्यात याबद्दल

मी, श्रीमती सुगंधा काशीराम मेस्त्री, वय ७१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार चारकोप, सेक्टर चार, कांदिवली पश्चिम, मुंबई, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, पण कान शाबूत आहेत आणि डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. मुकुल साने यांच्याकडून घेऊन सोबत जोडला आहे. तो जोडायचा आग्रह शेजारचे नाना गावडे यांचा. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्यात काय काय लिहाल त्याचा भरवसा नाही. दाखला असलेला बरा." याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

कलम १. वारस.
माझे पती काशीराम तीन वर्षांपूर्वी वारले. मला दोन मुलं. मुलगा सुबोध, राहणार मालाड, आणि मुलगी जान्हवी, राहणार मुलुंड. यांच्याशिवाय मला वारस नाही, आणि दोघांपैकी कोणा एकावर माझा जास्त जीव नाही. हे वाक्य श्रुतिकाने, म्हणजे माझ्या वकिलीणबाईंनी, काढायला सांगितलं होतं. "आजी, कायद्याला जिवाशी देणंघेणं नसतं." मी म्हटलं, मला आहे, राहू दे.

कलम २. घर आणि शिल्लक.
सेक्टर चारमधली माझी खोली आणि बँकेत असेल ती रक्कम दोघांना अर्धी अर्धी. विकायचं ठरलं तर दोघांच्या सह्या लागतील. मोरीतला नळ जरा जास्त पिळावा लागतो, नाहीतर रात्रभर टपटप करतो. हे घेणाऱ्याला आधी सांगा, फसवून विकू नका.

कलम ३. दागिने.
माझ्या पाटल्या सून श्वेता हिला. लग्नात मी घेतलेल्या साडीचा रंग तिला आवडला नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी ती साडी तिने चार वेळा नेसली हेही मी पाहिलं आहे. पाटल्या त्याबद्दल. मोहनमाळ जान्हवीला. तिने ती घालावी, लॉकरमध्ये ठेवून माझं पिशाच्च करू नये.

कलम ४. हत्यारं.
काशीराम गिरणीत फिटर होते आणि गिरणीच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूने खेळायचे. गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लागले. त्यांचे पाने, कानशी आणि हातोडे सुबोधने घ्यावेत. ड्रिल मशीन मी नाना गावडे यांना देत आहे. ती त्यांच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेली होती, तेव्हा सुबोधचं लग्न व्हायचं होतं. आता त्यांना उजळ माथ्याने वापरता येईल. नानांना या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचं होतं, पण श्रुतिका म्हणाली, ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीदार नसलेलं बरं. मी नानांना विचारलं, सही हवी की ड्रिल? पेनाला टोपण लावत म्हणाले, "ड्रिल."

कलम ५. वाट्या.
आता मुद्द्याचं. वरची चार कलमं कोणीही लिहिली असती.

माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, निळ्या पिशवीत, स्टीलच्या वाट्या आहेत. तळाला "का. मे." अशी अक्षरं कोरलेली. पिशवीतच एका डबीत काजूच्या बिया आणि चिंचोके आहेत. आपला फुटबॉल क्लब उपनगर एफसी दुसऱ्या गावी खेळायला जातो तेव्हा त्याच्या चाहत्यांच्या आपल्या चारकोप पलटणीला तिथल्या स्टँडमधली मोजकी तिकिटं मिळतात. जाणारे नेहमी जास्त, तिकिटं नेहमी कमी. कोणी जायचं हे या वाट्यांनी ठरतं.

नवीन लोकांसाठी रीत लिहून ठेवते. आमच्या वाडीत, देवगडच्या बाजूला, रापणीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्याची, मासळी वाटताना वाळूवर वाटे मांडायचे. एक जण वाट्यावर काठी ठेवून विचारायचा, "ह्यो कोणाचो?" दुसरा समुद्राकडे तोंड करून, वाट्यांना पाठ देऊन उभा असायचा. तो एक नाव घ्यायचा. काठीवाल्याला वाटा दिसतो पण नाव त्याच्या हातात नाही, आणि पाठमोऱ्याच्या हातात नाव आहे पण वाटा दिसत नाही. भांडणाला जागाच उरत नाही. काशीराम यांनी तेच इथे आणलं. जितकी नावं तितक्या पालथ्या वाट्या. तिकिटं असतील तितक्या वाट्यांखाली काजूची बी, बाकीच्यांखाली चिंचोका. काजू म्हणजे स्टेडियम, चिंचोका म्हणजे टीव्ही. हे एकेका वाटीवर बोट ठेवून विचारायचे, "ही कोणाची गो?" आणि मी भिंतीकडे तोंड करून नावं घ्यायची. सगळी नावं संपल्याशिवाय एकही वाटी उचलायची नाही. मागच्या अवे मॅचला जो गेला त्याने पुढच्या वेळी नाव द्यायचं नाही, फायनल सोडून. निघालेलं तिकीट कोणी कोणाला द्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ असो.

सुरुवातीला काजूबी नव्हती, भाजलेले काजू होते. एकदा बंगळुरूच्या मॅचच्या वाटपात यांनी शेवटची वाटी उचलली आणि बोलता बोलता खालचा जिन्नस तोंडात टाकला. वाटी पलटणीतल्या चेतनाची. ती म्हणाली काजू होता, बाकीचे म्हणाले शेंगदाणा, कारण तेव्हा चिंचोक्याच्या जागी शेंगदाणे होते. मोजून बघावं तर बाकीच्या वाट्यांखालचंही लोकांनी खाऊन टाकलेलं, आणि ज्याने खाल्ला त्याला आठवेना. शेवटी यांनी स्वतःच्या नावाचं तिकीट चेतनाला देऊन टाकलं आणि त्या दिवसापासून कवचासकट काजूबी आणि चिंचोका आले. दोन्ही चावता येत नाहीत. तिकीट कोणी कोणाला द्यायचं नाही हा नियमही त्याच दिवसाचा. हे म्हणाले, "पयलो आणि शेवटचो."

पलटणीतल्या यज्ञेशने मध्ये मोबाइलवर ॲप बनवलं होतं. हुशार मुलगा आहे. ॲपने पहिल्याच झटक्यात यज्ञेशचं नाव काढलं, दुसऱ्या झटक्यातही यज्ञेशचंच. त्याची काही चूक नव्हती बिचाऱ्याची, पण लोक पुन्हा वाट्यांकडे आले.

कलम ६. नानांचा आक्षेप.
नाना गावडे यांनी पलटणीच्या भर बैठकीत म्हटलं होतं, "नवरा विचारणार, बायको सांगणार. आणि बायको टेलिफोन ऑपरेटर. ही बाई 'हॅलो' ऐकून समोरच्याचं पोट बिघडलंय का ते सांगते. काजूवर बोट ठेवल्यावर काशीरामचा आवाज बदलत असेल तर हिला कळणार नाही होय?"

मला राग आला. वर्षभर मी त्यांच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही. काशीराम मात्र हसले. म्हणाले, "नाना बरोबर बोलतासा. पाठ फिरवली म्हणून कान फिरत नाय." मग नानांच्या सांगण्यावरून यांनी न बोलता वाटीवर चमचा वाजवून पाहिला. पण वाटी वाजवली की आतला चिंचोका एका तऱ्हेने खडखडतो, काजूबी दुसऱ्या, आणि तो नाद पहिल्याच फेरीत आख्ख्या खोलीला कळला. वाट लागली त्या प्रयोगाची. पुन्हा तोंडाने विचारणं आलं.

मी इथे लिहून ठेवते की आवाज ओळखून मी कधीही कोणाचं नाव घेतलं नाही. नावं मी बैठकीत जो ज्या क्रमाने घरात शिरला त्या क्रमाने घ्यायची, आणि तो क्रम यांना ठाऊक नसायचा, कारण हे वाट्या मांडायला आत असायचे. पण नाना म्हणाले ते तत्त्व खरं आहे. ज्या दोघांना एकमेकांचा आवाज उमगतो, त्यांनी हे काम करू नये. हे गेल्यावर बोट ठेवायला मी नानांनाच बसवलं. तीन वर्षं आम्ही दोघांनी वाटप केलं आणि एकाचीही तक्रार आली नाही. काजू असो की चिंचोका, नाना सारख्याच कडवटपणे विचारतात.

हे वारल्यावरच्या पहिल्या वाटपात कोणीतरी मायेपोटी यांचंही नाव घालायला लावलं. नेमकी त्याच वाटीखाली काजूबी. खुर्ची रिकामी राहिली आणि चिंचोका निघालेली पलटणीतली प्रेमा राणे घरी टीव्ही बघत बसली. माझ्याबाबतीत असला भावनेचा बाजार नको. मेलेल्या माणसाचं नाव पुकारू नये, तिकीट वाया जातं.

कलम ७. गोव्याची फायनल.
हे कलम सुबोध आणि जान्हवी यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पलटणीत सगळ्यांना सगळं माहीतच असतं.

गोव्यात फायनल होती. काशीराम यांचं हृदय तोवर थकलेलं. वाटप झालं, यांच्या वाटीखाली चिंचोका आला, सुबोधच्या वाटीखाली चिंचोका आला, जान्हवीच्या वाटीखाली काजूबी. जान्हवी लगेच म्हणाली, "बाबा, माझ्या जागी तुम्ही जा." हे म्हणाले, "वाटो तो वाटो. आज मीच बदललंय तर उद्या माका कोण मानतलो? तू जा." ती रडत गेली. डॉक्टरांनी यांना जायला परवानगी दिली असती की नाही, ते कोणी विचारलंच नाही.

आपण जिंकलो. दोन आठवड्यांनी हे गेले. तेराव्याला स्वयंपाकघरात सुबोध बहिणीला म्हणाला, "तुझ्या जागी बाबा असते तर शेवटची मॅच त्यांनी डोळ्यांनी बघितली असती. ती तू बघितलीस." जान्हवीने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि चप्पल घालून निघून गेली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. अंधेरीला घरची मॅच असली की एक पूर्वेच्या स्टँडमध्ये, दुसरी पश्चिमेच्या. "आई, तिला सांग," "आई, त्याला विचार." मी जन्मभर लोकांचे फोन जोडले, निवृत्त झाल्यावरही तेच चाललंय.

आता दोघांनीही नीट ऐका. एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नाही, आणि मी सांगायला गेले की तुम्ही खोलीतून उठून जाता. म्हणून इथे लिहिते. इथून उठून जाता येणार नाही.

जान्हवी, त्या दिवशी तू गोव्याहून फोन लावलास, तो घरी कोणी धरला होता हे तुला ठाऊक नाही. सुबोधने. बाबांच्या हातात फोन धरायचं बळ नव्हतं. याने पूर्ण मॅच, मध्यंतर धरून, तो त्यांच्या कानाशी धरला. हात भरून आला की हात बदलायचा. श्वेता म्हणाली, "मी धरते थोडा वेळ," तर दिला नाही. टीव्हीवरची मॅच स्टेडियमपेक्षा काही सेकंद उशिरा येते, आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे तुझ्या फोनमधून आरडाओरडा आधी आला, बाबा "गोल" म्हणाले, आणि टीव्हीवर अजून आपला पोरगा चेंडू घेऊन धावतच होता. सुबोध त्यांच्याकडे बघत राहिला. मग टीव्हीवर गोल झाला. बाबा इतके खूष झाले की काय सांगू. म्हणाले, "माका आधी कळला."

सुबोध, तू म्हणतोस मॅच हिने बघितली. हिने बघितली नाही. चेतना तिथे होती, तिने मला सांगितलं. बाबांना ढोल ऐकू यावा म्हणून ही आपली खुर्ची सोडून खाली ढोलाशेजारी जाऊन उभी राहिली, मोठ्या झेंड्याच्या मागे. तिथून मैदान दिसत नाही. हात वर करून फोन धरून पूर्ण वेळ उभी होती. गोल झाला तेव्हा हिने शेजारच्याला विचारलं, "कोणाचा झाला रे?" स्टेडियममध्ये जाऊन तिने तो गोल पाहिला नाही.

तुम्ही दोघांनी मिळून त्यांना ती मॅच दिली. एका टोकाला ती होती, दुसऱ्या टोकाला तू होतास. एकाचाही हात खाली आला असता तर त्यांना काही मिळालं नसतं. हे मला तीन वर्षं छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं आहे, आणि आज लिहून मोकळी झाले.

कलम ८. वाट्यांचं दान.
वर लिहिलेल्या वाट्या, काजूबिया, चिंचोके आणि निळी पिशवी मी सुबोध आणि जान्हवी यांना एकत्र देत आहे. यात अर्धं अर्धं नाही. पिशवी एकीकडे आणि डबी दुसरीकडे, असं करायचं नाही.

माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्याच अवे मॅचपासून तिकिटांचं वाटप या दोघांनी करावं. बोट सुबोधने ठेवायचं, कारण ताटावरून उठवलेलं त्याने आहे, तर विचारायची पाळीही त्याची. त्याने विचारायचं, "ही कोणाची गं?" 'गं' गाळायचा नाही. जान्हवीने भिंतीकडे तोंड करून नाव घ्यायचं. वाट्या संपेपर्यंत दोघांनी यापलीकडे एक शब्द बोलला नाही तरी माझी हरकत नाही. जान्हवी, पाठमोऱ्या माणसाला रडायची फार चांगली सोय असते, कोणाला दिसत नाही. मी तीन वर्षं ती वापरली आहे. फक्त नाव घेताना आवाज नीट येऊ दे, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.

हीच दोघं का, असं पलटणीत विचारलं जाईल, विशेषतः नाना विचारतील. कारण साधं आहे. आज चारकोप पलटणीत एकमेकांचा आवाज न ओळखणारी इतकी चांगली जोडी दुसरी नाही. तीन वर्षांत एकाने दुसऱ्याला हाकसुद्धा मारलेली नाही. नानांच्या तत्त्वाने यांच्याइतकं लायक कोणी नाही.

दोघांपैकी एकानेही नकार दिला, तर सगळ्या वाट्या नाना गावडे यांच्याकडे जातील आणि तिकिटांचे सगळे नियम नाना ठरवतील. त्याचे परिणाम अख्ख्या पलटणीला भोगावे लागतील, आणि लोक शिव्या तुम्हाला देतील.

कलम ९. देखरेख.
या मृत्युपत्राची अंमलबजावणी नाना गावडे यांनी करावी. त्यांच्याइतका संशयी माणूस मला माहीत नाही आणि त्यांच्याइतका सरळही. त्यांना ते सांगायची वेळ कधी आली नाही, म्हणून इथे सांगते. हे गेले तेव्हा हॉस्पिटलमधून घरी मला त्यांनी आणलं, आणि रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. त्याची मला फार मदत झाली.

प्रत्येक वाटपाला नानांनी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसावं आणि फक्त ऐकावं.

कलम १०. वाट्या परत घेण्याची अट.
श्रुतिका म्हणते, दिलेलं दान असं परत घेता येत नाही, हे कलम कोर्टात टिकणार नाही. न टिको. कोर्टात जाणार आहे कोण?

सुबोध आणि जान्हवी हे काम करू लागतील. आधी फक्त "ही कोणाची गं?" आणि एक नाव. मग कधीतरी वाट्या धुवायला दोघं एकदमच आत जातील. कधी चहा होईल. कधी परतीच्या वाटेवर एक दुसऱ्याला मेट्रोपर्यंत सोडेल. आणि मग एखाद्या वाटपात सुबोध काजूबीच्या वाटीवर बोट ठेवेल, विचारेल, आणि भिंतीकडे तोंड केलेली जान्हवी नाव घेण्याआधी थांबेल, कारण खाली काय आहे ते त्याच्या आवाजावरून तिला कळलेलं असेल. लहानपणी लपंडावात तो पलंगाखाली आहे हे तिला त्याच्या गप्प बसण्यावरूनसुद्धा कळायचं, तसं.

ते थांबणं नानांच्या कानांतून सुटणार नाही. त्या क्षणी नानांनी उभं राहून आक्षेप घ्यावा, जसा माझ्यावर आणि काशीरामवर घेतला होता. त्या दिवसापासून ही दोघं या कामाला नालायक ठरतील. वाट्या त्यांच्याकडून काढून घ्याव्यात आणि पलटणीतल्या दुसऱ्या कोणा दोघांना द्याव्यात, जी एकमेकांशी बोलत नसतील. अशी दोघं आपल्यात नेहमी मिळतात.

माझ्या मुलांकडे या वाट्या फार दिवस राहू नयेत, हीच माझी शेवटची इच्छा आहे.

वरील सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, श्रुतिकाने मोठ्याने वाचून दाखवला, आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकला. एका ठिकाणी तिचा आवाज हलला, पण शब्द बदललेला नाही. तो बरोबर आहे म्हणून खाली सही करते.

ठिकाण: चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५

सही: सुगंधा काशीराम मेस्त्री

आमच्या समक्ष सही केली. लिहून देणार बाई शुद्धीत होत्या, आणि आम्हाला चहा त्यांनीच केला.

साक्षीदार १: डॉ. मुकुल साने, चारकोप, सेक्टर दोन
साक्षीदार २: प्रेमा राणे, चारकोप, सेक्टर चार

वाचलं. देखरेख मान्य आहे. आक्षेप घेण्याची वाट पाहीन.
द. रा. ऊर्फ नाना गावडे